अमूर्त निसर्गचित्राकडून काय मागावे?

हवामानबदलाविषयी लोकांना जागे करण्यासाठी अमूर्त निसर्गचित्रांचा उपयोग करावा की नाही, हा वाद आता कलादालनांच्या बाहेरही ऐकू येतो. मात्र तो ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला पटत नाही. एका बाजूचे म्हणणे असे की हिमनद्या वितळत असताना, जंगले पेटत असताना आणि किनारे खचत असताना निळ्या-करड्या रंगांचे ओघळ भिंतीवर टांगणे ही सुखवस्तू माणसांची करमणूक आहे. जे घडते आहे ते सरळ दाखवा, पूर दाखवा, भेगाळलेली जमीन दाखवा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की चित्राला असे कामाला जुंपणे हाच चित्राचा अपमान आहे, कोणाला काही शिकवण्याचा पत्कर कलेने घेतलेला नाही. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. प्रत्यक्षात दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे आणि ती म्हणजे जागृती करणे म्हणजे माहिती पोहोचवणे. अमूर्त चित्र माहिती देत नाही म्हणून पहिल्या पक्षाला ते नको असते. माहिती देणे हे कलेचे काम नाही म्हणून दुसऱ्याला जागृती नको असते.

माझी भूमिका अशी की हवामानबदलाच्या बाबतीत आज माहितीची चणचण नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते, आज ते ४२० च्या वर गेले आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. हे आकडे कोणालाही पाहता येतात, आणि तरीही ते बहुतेकांच्या अंगाला भिडत नाहीत. जी गोष्ट रंगहीन आहे, गंधहीन आहे, सगळीकडे सारखी पसरलेली आहे आणि एका आयुष्याच्या मानाने संथ आहे, ती डोळ्यांना दिसावी तरी कशी? अमूर्त निसर्गचित्राने हवा, प्रकाश, विरत जाणाऱ्या कडा, प्रमाणाचे भान आणि काळाचे थर यांवर दोनशे वर्षे काम केलेले आहे, म्हणून या विषयात त्याला खास अधिकार आहे असे मी मानतो. पण हा अधिकार सशर्त आहे. हवामान चित्राच्या घडणीत उतरलेले असले पाहिजे. ते केवळ शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेले असून चालणार नाही. ही अट न पाळणारी पुष्कळ चित्रे आज हवामानाच्या नावाखाली लागतात, आणि टीकाकारांच्या रागाला बरेचसे कारण त्यांनीच पुरवलेले आहे.

वास्तवदर्शी चित्राच्या बाजूने इतिहासातले सर्वांत बळकट उदाहरण आधी मांडायला हवे. १८७१ मध्ये फर्डिनंड हेडन यांच्या नेतृत्वाखाली यलोस्टोनच्या परिसराची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्या तुकडीबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार गेले होते. अमेरिकी काँग्रेसच्या ज्या सभासदांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, त्यांच्यापुढे मोरानचे जलरंग आणि जॅक्सनची छायाचित्रे ठेवली गेली, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणून कायद्याने राखले गेले. त्याच वर्षी काँग्रेसने मोरानचे तिथल्या घळीचे भव्य तैलचित्र १०,००० डॉलरना विकत घेतले. चित्रे पाहून कायदा झाला असे म्हणण्याच्या इतके जवळ नेणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. त्या चित्रांत अमूर्त असे काही नव्हते. पिवळे कडे पिवळेच होते आणि धबधबा धबधब्यासारखा होता. मग आजच्या चित्रकारानेही तीच वाट का धरू नये?

कारण यलोस्टोनला सीमा होती. जे वाचवायचे ते एका जागी होते, नकाशावर रेघ मारून ते वेगळे काढता येत होते आणि धोका बाहेरून आत येणार होता. हवामानबदलाला अशी जागा नाही. एका खंडावरच्या धुराड्यांतून निघालेला कार्बन दुसऱ्या खंडाच्या टोकावरचा बर्फ वितळवतो, आणि त्यातला मोठा वाटा शतकानुशतके हवेत राहतो; कुंपण कोणत्या बाजूने घालणार? शिवाय मोराननेही जसे दिसले तसे रंगवलेले नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून दिसणारी दृश्ये त्याने एका चौकटीत आणली, आणि निसर्गाच्या शब्दशः नकलेला आपण किंमत देत नाही हे त्याने उघड सांगितले होते. आणखी एक बाजू आहे. अस्पर्श, निर्मनुष्य भूमीची जी कल्पना अशा चित्रांनी रुजवली, तिच्यात शोशोनी, क्रो, बॅनक अशा जमातींच्या पिढ्यानपिढ्यांच्या नात्याला जागा उरली नाही, आणि पुढे त्यांना त्या उद्यानातून दूर सारले गेले. वास्तवदर्शी चित्र म्हणजे सरळ सत्य, हा समज म्हणून तपासून घ्यावा लागतो. तेही एक जागा, एक क्षण आणि एक कोन निवडते आणि उरलेले सारे चौकटीबाहेर ठेवते.

याचा धडा आपल्याच काळात एका ध्रुवीय अस्वलाने दिला. डिसेंबर २०१७ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशातील सॉमरसेट बेटावर चित्रित केलेली एक चित्रफीत जगभर पसरली. त्यात हाडांचा सापळा उरलेले एक अस्वल पाय ओढत चालताना दिसते. ‘हवामानबदल असा दिसतो’ अशा अर्थाच्या ओळीसह नॅशनल जिओग्राफिकने ती लोकांपुढे आणली आणि कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकाने मान्य केले की त्या एका प्राण्याच्या अवस्थेचा हवामानबदलाशी निश्चित संबंध जोडताना मर्यादा ओलांडली गेली. ते आजारी होते, जखमी होते की म्हातारे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आर्क्टिकचा समुद्रबर्फ घटतो आहे हे खरे, आणि त्यामुळे अस्वलांचे जगणे धोक्यात आले आहे हेही खरे. पण दशकांच्या मोजणीतून सिद्ध झालेले सत्य एका देहावर ठेवले की ते त्या देहाइतकेच दुबळे होते, आणि ज्यांना ते नाकारायचेच असते त्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. ‘सरळ दाखवा’ म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार केला पाहिजे. सरळ दाखवता येते ते एक अस्वल, एक पूर, एक वणवा. हवामान म्हणजे अशा असंख्य घटनांचा बदलत गेलेला कल आहे, आणि कल काही कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहत नाही.

दुसरी अडचण काळाची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक साधे निरीक्षण मांडले होते: संशोधकांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला जेवढे मासे पाहते तेवढेच मूळचे समजते आणि घट तिथून मोजू लागते, त्यामुळे त्याआधी काय हरवले हे कोणाच्या हिशेबातच येत नाही. निसर्गाकडे पाहणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे. हिमनदीचे बारीकसारीक तपशिलांसह रंगवलेले चित्र पाहून आपण तिच्या भव्यतेने दबून जातो. तिचा किती भाग आता उरलेला नाही, हे त्या चित्रातून कसे कळावे? आइसलँडमधील ओक ही हिमनदी आता हिमनदी राहिलेली नाही असे २०१४ मध्ये जाहीर झाले आणि २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक बसवला गेला. तिथे आज रंगवायला मुख्यतः उघडा खडक आहे. वास्तववादी चित्रकार तो खडक प्रामाणिकपणे रंगवील, आणि पाहणाऱ्याला खडकच दिसेल. जे नाहीसे झाले ते रंगवण्याची साधने अमूर्त चित्रकाराने मात्र घडवून ठेवली आहेत: खरवडून काढलेला थर, वरच्या रंगाखालून डोकावणारा आधीचा रंग, जाणूनबुजून कोरा सोडलेला कॅनव्हास, एकच आकार मालिकेतल्या प्रत्येक चित्रात थोडा थोडा झिजवत नेणे. खरवडलेल्या रंगाचा डाग डोळ्यांसमोर असतो आणि तिथे पूर्वी काहीतरी होते हे तो डाग सांगत राहतो.

ही भाषा काल-परवा जन्मलेली नाही. जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडमध्ये ढगांचे असंख्य अभ्यास तैलरंगात, छोट्या कागदांवर केले. त्यांपैकी कित्येकांत झाड नाही, घर नाही, क्षितिजसुद्धा नाही. करड्या, पांढऱ्या आणि फिकट निळ्या रंगांचे भराभर मारलेले फटकारे एवढेच आहे. आज एखाद्याला ते न सांगता दाखवले तर तो त्यांना अमूर्त चित्रेच म्हणेल. पण कागद उलटा केला की मागे कॉन्स्टेबलने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवा कशी होती याच्या नोंदी केलेल्या सापडतात. ल्यूक हॉवर्डने ढगांचे वर्गीकरण मांडून तेव्हा दोन दशकेही झाली नव्हती. चित्रकार आणि हवामानाचा अभ्यासक एकाच आकाशाकडे जवळजवळ एकाच शिस्तीने पाहत होते. त्याच्याच काळातल्या टर्नर या इंग्रज चित्रकाराने पुढे जाऊन वस्तूच विरघळवली. हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचे त्याचे चित्र १८४२ मध्ये लागले तेव्हा ‘साबणाचा फेस आणि चुना’ अशी त्याची हेटाळणी झाली. बोट कुठे आहे, असा तेव्हाच्या टीकाकारांचा सवाल होता. आज ‘यात हिमनदी कुठे आहे?’ असे विचारणारे नकळत त्यांच्याच रांगेत उभे आहेत. वादळात सापडलेल्या माणसाला बोट स्पष्ट दिसते, असे खरोखर कोणाला वाटते का?

टर्नरच्या चित्रांवर डोळे तयार झालेल्या जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाची गोष्ट तर या संदर्भात फारच बोलकी आहे. १८८४ मध्ये त्याने लंडनमध्ये दोन व्याख्याने दिली आणि सांगितले की गेल्या काही वर्षांत आकाशात पूर्वी कधी न पाहिलेल्या जातीचा ढग आणि वारा आला आहे. त्याच्यापाशी मोजमाप नव्हते. होत्या त्या कित्येक वर्षांच्या रोजनिशीतल्या आकाशाच्या नोंदी आणि रंगांतला सूक्ष्म फरक ओळखणारी नजर. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. त्याच्या मानसिक अस्वास्थ्याचा त्या वर्णनांत वाटा होता आणि आकाशाच्या काळेपणात त्याने समाजाच्या नैतिक अधःपाताचेही चिन्ह पाहिले. हे दोन्ही मान्य करूनही उरते ते असे की कोळशाच्या धुराने काळवंडत चाललेल्या हवेत काहीतरी मूलभूत बदलते आहे, हे एका चित्राभ्यासकाने आपल्या डोळ्यांनी टिपले होते. नजर घडवणे ही गोष्ट मी इतकी गंभीरपणे का घेतो, त्याचे कारण हे उदाहरण आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळतो. अमूर्त चित्र हवामानबदलाचे आहे हे आपल्याला त्याच्या नावावरून आणि शेजारच्या मजकुरावरून कळते. तो मजकूर काढून घेतला तर काय उरते? मग जागृती चित्राने केली की मजकुराने? हा आक्षेप खरा आहे आणि ‘प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा’ अशा गुळमुळीत उत्तराने तो टळत नाही. त्याचे पहिले उत्तर असे की शब्दांचा आधार लागणे हा दोष असेल तर तो वैज्ञानिक आलेखांतही आहे. रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये केलेले तापमानाचे पट्टे आठवा. प्रत्येक वर्षाचा एक उभा पट्टा, थंड वर्षे निळी, उष्ण वर्षे तांबडी. अक्ष नाही, आकडे नाहीत, अक्षरे नाहीत. हवामानबदलाची आज जगात बहुधा सर्वांत जास्त ओळखली जाणारी ही प्रतिमा रचनेने पूर्णपणे अमूर्त आहे. ‘हे दरवर्षीचे सरासरी तापमान आहे’ एवढे एक वाक्य तिला लागते, आणि ते वाक्य मिळाल्यावर तिची ताकद कमी होत नाही, उलट तिथून सुरू होते. एका शास्त्रज्ञाने लोकांपर्यंत पोहोचायचे ठरवले तेव्हा तो अस्वलाकडे गेला नाही, रंगांच्या पट्ट्यांकडे गेला, याचा विचार ‘सरळ दाखवा’ पक्षाने अजून पुरेसा केलेला नाही.

तरीही त्या पट्ट्यांना मी चित्र म्हणणार नाही. ते एका नजरेत सगळे सांगून मोकळे होतात. चित्रापुढे उभे राहिल्यावर मिळत जाणारे आणखी काही त्यांच्यापाशी नाही आणि ते त्यांचे कामही नाही. चित्राला मात्र आणखी कडक कसोटी लावली पाहिजे. ती अशी: चित्राचे नाव बदलून पाहावे. ‘वितळती हिमनदी’च्या जागी ‘पहाट’ लिहिले आणि चित्राचे काहीच बिघडले नाही, तर ते चित्र कदाचित सुंदर असेल, पण हवामानबदलाशी त्याचे देणेघेणे नाही. या कसोटीवर आजची बरीच प्रदर्शने नापास होतील याची मला खात्री आहे. उलट ओलाफर एलियासन या कलाकाराने २०१८ च्या सुमारास केलेले काही जलरंग पाहा. ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत समुद्रातून काढलेल्या प्राचीन हिमनदीच्या बर्फाचे तुकडे त्यांनी जाड कागदावर, रंगाच्या पातळ थरावर ठेवले. बर्फ वितळत गेला तसा रंग सरकत गेला. कुठे धुऊन निघाला, कुठे कडेला साचून गडद झाला, कुठे त्याची जाळी झाली. कागदावर कोणतेही दृश्य नाही, पण त्यावरची प्रत्येक कड वितळण्याने आखलेली आहे. या चित्राला ‘पहाट’ म्हणता येईल का? नाव बदलले तरी कागदावर जे घडले ते बदलत नाही. हवामान घडणीत उतरणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

याच कसोटीचा दुसरा अर्थ असा की ज्या अमूर्त चित्रांनी असा दावा केलेलाच नाही, त्यांच्या गळ्यात तो बांधू नये. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी तर आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्दही टाळला आणि ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, म्हणणे पसंत केले. अशा चित्राखाली समुद्रपातळीच्या वाढीचा मजकूर लावणे हा चित्रावरही अन्याय आणि विषयावरही. चित्रकार रामकुमार यांचे उदाहरण वेगळे आणि शिकण्यासारखे आहे. १९६० च्या आसपासच्या वाराणसी-भेटीनंतर त्यांच्या चित्रांतून माणसे निघून गेली आणि उरले ते घाट, भिंती आणि पाणी, तेही पुढे रंगांच्या पाटांत आणि धारांत मोडत गेलेले. माणूस चित्रात नसूनही ती चित्रे माणसाच्या दुःखाने भरलेली आहेत. ‘पूरग्रस्तांचा चेहरा दाखवल्याशिवाय करुणा कशी जागेल?’ असे विचारणाऱ्यांनी ती चित्रे निवांत पाहावीत. चेहरा दाखवला की दुःख त्या माणसाचे होते आणि पाहणारा कनवाळू पाहुणा होतो. चेहरा नसलेल्या भूमीत पाहणाऱ्याला स्वतःच उभे राहावे लागते.

सौंदर्याविषयीचा आक्षेप मला अर्धाच खोडता येतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९९ ते १९०१ या काळात तीन वेळा लंडनला गेला आणि थेम्स नदीवरचे पूल आणि पार्लमेंटची इमारत यांची सुमारे शंभर चित्रे त्याने हाती घेतली. त्याला आकर्षण होते ते तिथल्या धुक्याचे, आणि त्या धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला होता. त्याच शहरात डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने काही दिवसांत हजारो माणसांचा जीव घेतला. विष इतके देखणे रंगवले तर लोकांना विषाचीच गोडी लागणार नाही का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टर्नर आणि मोने यांची सुमारे शंभर चित्रे तपासली गेली, आणि त्यांतील कडांचा धूसरपणा व रंगांचा पांढुरकेपणा त्या काळातील गंधकयुक्त वायूंच्या वाढत्या उत्सर्जनाशी जुळत जातो असे आढळले. म्हणजे त्या कडा धूसर होण्यामागे शैलीबरोबर हवाही होती. चित्रकारांनी प्रदूषणाची साक्ष नोंदवून ठेवली. पण साक्ष नोंदवणे आणि इशारा देणे या दोन गोष्टी आहेत. मोनेची चित्रे पाहून कोणी धुराडी बंद केली नाहीत, आणि मोनेची तशी इच्छाही नव्हती. म्हणून मी एवढेच म्हणेन की सौंदर्य हे या कामात धोक्याचे हत्यार आहे. ते पाहणाऱ्याला थांबवते आणि थांबल्याशिवाय पाहणे होत नाही. पण थांबलेल्या माणसाला चित्राने पुढे अडचणीत टाकले पाहिजे. जे चित्र बैठकीच्या खोलीत वर्षभर निर्धास्त टांगता येते, त्याने हवामानाचा दावा करताना संकोच बाळगावा.

याचा परिणाम होतो याला पुरावा काय, हा प्रश्न योग्य आहे आणि उपलब्ध पुरावा मर्यादित आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या निमित्ताने मांडलेल्या ३७ कलाकृतींविषयी ८७४ प्रेक्षकांची मते एका अभ्यासात घेतली गेली. संकट दाखवून थांबणाऱ्या कृतींपेक्षा काही मार्ग सुचवणाऱ्या आणि थक्क करणाऱ्या कृतींचा लोकांवर अधिक परिणाम झाला असे त्यात दिसले. हे निष्कर्ष माझ्या बाजूचे आहेत असा दावा मी करणार नाही. दुसरीकडे, २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डायान बर्को यांचे एक चित्र वापरले गेले. त्यात मौना लोआच्या कार्बन-मोजणीची चढती वक्ररेषा अमूर्त रंगलेपनात गुंफलेली आहे. तीच माहिती नुसत्या आलेखातून पाहणाऱ्यांपेक्षा चित्रातून पाहणाऱ्यांच्या भावना अधिक जाग्या झाल्या, विश्वासार्हता कमी झाली नाही, आणि हवामानबदल आपल्याशी किती निगडित आहे याविषयी उदारमतवादी व परंपरावादी यांच्यातले अंतर कमी झाले. हा अभ्यास समजुतीचा होता, वर्तनाचा नव्हता. पण ‘आधीच पटलेल्यांनाच हे पटते’ या नेहमीच्या आरोपाला त्याने धक्का दिला आहे. आणि तो आरोप खरा धरला तरी काय होते? हवामानबदल मान्य असलेले बहुतेक लोक तो मान्य नसल्यासारखेच जगतात. ज्यांना पटलेले आहे पण जाणवलेले नाही, त्यांची संख्या नाकारणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि चित्राचे काम तिथेच आहे.

ॲक्रिलिक रंग पेट्रोलियमपासून होतात, चित्रे विमानाने फिरतात, आणि तेल कंपन्यांनी संग्रहालयांना दिलेल्या देणग्यांचा इतिहास लांब आहे. हे आरोप खरे आहेत आणि त्यांची उत्तरे चित्रात नसून व्यवहारात आहेत. कलाकार आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या निदर्शनांनंतर बीपी या तेल कंपनीचे टेट संग्रहालयाशी असलेले प्रायोजकत्व संपणार असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. उलट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याच कंपनीशी नवा करार केला. हवामानाचे प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने पैसा कोणाचा आणि वाहतुकीत किती कार्बन गेला हे दारातच लिहावे, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. एलियासन यांनी पॅरिसच्या चौकात ग्रीनलंडचा बर्फ आणून ठेवला तेव्हा त्याचा असा हिशेब प्रसिद्ध केला होता. मग इतरांना अडचण काय आहे?

कलेच्या स्वायत्ततेचा झेंडा घेतलेल्यांना माझे सांगणे थोडके आहे. निसर्गचित्र कधीच निरुद्योगी नव्हते. जमीनदारांच्या मालकीची शोभा त्याने वाढवली, साम्राज्यांना नवे प्रदेश आपलेसे वाटायला लावले, उद्याने राखली. चित्र चित्रासारखे पाहावे हे ते म्हणतात ते पाहण्याच्या पद्धतीबद्दल बरोबर आहे, आणि मी मांडलेली कसोटीही त्याच पद्धतीवर उभी आहे. पण एवढ्या बारकाईने पाहायला शिकलेल्या डोळ्यांनी फक्त चौकटीच्या आतच पाहावे, हा नियम कोठून आला?

आणि या सगळ्या चर्चेत एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. हवामानावरची अमूर्त चित्रे बर्फाच्या आणि समुद्राच्या मागे धावतात, कारण निळा-पांढरा देखणा असतो आणि वितळणे रंगाला सोपे जाते. माणसे मात्र उष्णतेने मरतात. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ७०,००० हून अधिक जादा मृत्यू झाले, आणि त्याची एकही प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. २०१९ च्या युरोपातील उष्णतेच्या लाटांची वृत्तछायाचित्रे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा कारंज्यांत खेळणारी मुले आणि समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी अशा मौजेच्या दृश्यांचा त्यांत मोठा भरणा निघाला. वास्तवदर्शी कॅमेरा इथे नुसता अपुरा पडला नाही, त्याने दिशाभूल केली. कारण उष्णतेने होणारा मृत्यू बंद खोलीत, रात्री पारा न उतरल्याने, वृद्ध आणि एकाकी माणसाच्या वाट्याला येतो, आणि तिथे टिपण्यासारखे काही नसते. तांबडा रंग यासाठी पुरणार नाही. नकाशांनी आणि तक्त्यांनी तो वापरून वापरून बोथट केला आहे. टर्नरने १८२८ मध्ये रोममध्ये रंगवलेले आणि १८३७ मध्ये पुन्हा हाताळलेले रेग्युलसचे चित्र इथे उपयोगी पडेल. कार्थेजवाल्यांनी पापण्या कापून उन्हात बसवलेल्या या रोमन सेनानीच्या चित्रात तो स्वतः शोधूनही नीट सापडत नाही. समोर आहे तो बंदर पुसून टाकणारा पांढरा उजेड, आणि तो सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो, जणू रेग्युलसच्या जागी त्यालाच बसवले आहे. न उतरणाऱ्या रात्रीच्या उष्म्यासाठी असा कोणता रंग, कोणता पोत, कोणता पृष्ठभाग आहे? अमूर्त निसर्गचित्रकारांपुढे हे काम पडून आहे, आणि आर्क्टिकचा आणखी एक निळा कॅनव्हास रंगवून ते होणार नाही.